चाळिसांतली शेवटची चिप

सकाळी अकराला डेल्फिस लूसियरने लाकूडगिरणीतल्या मोजणीयंत्राचं झाकण उघडलं आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली होती. मधल्या दहा मिनिटांत हवी ती वस्तू हाती लागली होती, म्हणून बोटांचं त्याला तेव्हा तरी फारसं वाटलं नाही.

वस्तू म्हणजे एक चिप. अठ्ठावीस पायांची, काळी, करंगळीहून आखूड. पाठीवर आकडा छापलेला होता, ८८४१, म्हणजे अठ्ठ्याऐंशी सालचा एक्केचाळिसावा आठवडा. ओंडका करवतीखाली जाण्याआधी त्याची जाडी मोजायचं काम ती अठरा वर्षं बिनतक्रार करत होती. अशा चाळीस विकल्या गेल्या होत्या. एकोणचाळीस भंगारात गेल्या. ही उरली, कारण व्हरमाँटच्या उत्तर टोकाला, चांगलं चाललेलं यंत्र बदलण्याएवढा मूर्ख गिरणीवाला अजून जन्माला यायचाय.

बोटं मोडली ती रॉइस स्टॅनर्डने. रॉइस हा डेल्फिसचा मेहुणा, त्याची बायको नॉरीन हिचा थोरला भाऊ आणि एके काळचा त्याचा भागीदार. वय त्रेसष्ट, पण तरुणपणी हॉकी खेळलेले खांदे अजून शाबूत होते.

त्याला जागा आणि वेळ कायद्यानेच कळवली होती. खटल्यात एका बाजूला पुरावा ताब्यात घ्यायचा असला की दुसऱ्या बाजूला आधी लेखी कळवावं लागतं. पेटंटच्या खटल्यात रॉइसविरुद्ध लढणाऱ्या कॅव्हानो वकिलाने ते इमानेइतबारे कळवलं आणि स्वतः मात्र बर्फाचं निमित्त काढून घरी बसला. "यंत्र तुझ्या ओळखीचं आहे, डेल. तूच काढून आण, प्रयोगशाळेत भेटू," म्हणाला. मार खायची वेळ आली की वकिलांना हटकून सर्दी होते.

रॉइस मोजणीच्या खोलीत शिरला तो हसतच. बाहेर करवती किंचाळत होत्या, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागत होतं.

"ठेव ती परत, डेल."

"कोर्टात ठेवतो."

"दर थँक्सगिव्हिंगला माझ्या टेबलावर जेवतोस, लाज वाटत नाही?"

"टर्की नॉरीन भाजते. तू नुसता खुर्ची अडवून बसतोस."

यावर रॉइसने खोलीचं लोखंडी दार लाथेने लोटलं. डेल्फिसचा हात चौकटीवर होता. हाडं मोडल्याचा आवाज करवतींतूनही ऐकू आला. डेल्फिसने चिप डाव्या मुठीत घेतली, आणि दुसरं काही हाताशी नसल्यामुळे रॉइसचा कान दातांत धरला. एकसष्ट वर्षांचा, चष्मा लावणारा, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा माणूस तो. कानाचा तुकडा पडेपर्यंत त्याने सोडलं नाही. दोघं यंत्रावर आदळले, भिंतीवर आदळले, रॉइसने त्याचं डोकं केसांना धरून दोनदा टेबलाच्या कडेवर आपटलं, त्यात एक दात गेला. शेवटी गिरणीचा फोरमन हॉलिस आणि दोन कामगारांनी त्यांना ओढून अलग केलं.

"शेरीफला बोलावतो," हॉलिस म्हणाला. "म्हातारे झालात, काही अक्कल?"

"नको." डेल्फिसने रक्त थुंकलं. "पोलीस ही चिप पुरावा म्हणून कपाटात टाकतील. वर्षभर बाहेर येणार नाही. खटला तीन आठवड्यांवर आलाय."

रॉइसही पोलिसांच्या नावाने गप्प बसला. हॉलिसने त्याला पुढच्या दाराने हाकललं आणि डेल्फिसला मागच्या.

हे वैर समजायला फार खोलात जायची गरज नाही. दोघांनी एका बंद पडलेल्या दूध-डेअरीत कंपनी काढली होती. रॉइस विचार करायचा, डेल्फिस नकाशे काढायचा. चिपच्या आतल्या तारा कुठून कशा जायच्या, ते तेव्हा मोठाल्या पारदर्शक कागदांवर हाताने आखत. आखता आखता डेल्फिसला एक गोष्ट दिसली. एका बेरजेचं उत्तर आधी कपाटात ठेवायचं आणि पुढच्या बेरजेसाठी पुन्हा काढायचं, यात यंत्राचा निम्मा वेळ जात होता. त्याने मधून एक आडवाट काढली, उत्तर हातातल्या हातात पुढे जाईल अशी. रॉइसला ती आवडली. चाळीस चिपा बनवल्या, आणि कंपनीत चुलीवर ठेवायला काही उरलं नव्हतं म्हणून न्यू हॅम्पशरच्या एका मोजणीयंत्रवाल्याला लगेच विकून टाकल्या.

अशी चूक भुकेले इंजिनिअरच करतात. वस्तू विकल्यावर वर्षाच्या आत पेटंटचा अर्ज केला नाही, तर पुढे मिळालेलं पेटंट रद्दी होतं. रॉइसने अर्ज केला पंधरा महिन्यांनी, कंपनी बुडाल्यावर, एकट्याच्या नावाने, आणि त्याआधी काही विकलं नव्हतं अशी शपथ घेतली. डेअरीतले सगळे नकाशे त्याने पिंपात घालून जाळले. पुढे आडवाट सगळेच वापरू लागले आणि रॉइसचं एकच काम उरलं, नोटिसा पाठवायच्या. परवाना घ्या, नाहीतर कोर्टात या. चौदा कंपन्यांनी मुकाट्याने परवाने घेतले. पंधरावी भांडायला उठली. तिचा वकील म्हणजे कॅव्हानो, आणि आडवाट अर्जाच्या वर्षभर आधीच विकली गेली होती याचा उरलेला पुरावा म्हणजे ही चिप.

डेल्फिस इतकी वर्षं गप्प होता. पण या खटल्यात रॉइसची शपथेवर जबानी झाली आणि कॅव्हानोने तिचा कागद त्याला वाचायला दिला. त्यात प्रश्न होता, लूसियर काय करायचे? उत्तर होतं, "डेल? तो रंग भरायचा. मी रेघ मारायचो, तो रंग भरायचा."

त्या एका वाक्याने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण त्याला जे ठाऊक होतं ते रॉइसलाही ठाऊक नव्हतं. नकाशे काढणारी माणसं त्या काळी चिपच्या कोपऱ्यात चोरून काहीतरी काढून ठेवायची. कोणी बदक काढायचं, कोणी बायकोचं नाव. डेल्फिसने आडवाटेच्या कडेला, केसाहून बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "ही वाट डेल लूसियरची." चिप फोडली की ते दिसणार होतं. कोर्टात, पडद्यावर, ज्युरीच्या बारा माणसांसमोर. त्याला पेटंट नको होतं, वाटा नको होता. ते वाक्य रॉइसच्या डोळ्यांदेखत मोठ्याने वाचलं जावं, एवढंच हवं होतं.

डोंगर उतरताना मागून रॉइसची पिकअप आली. पहिल्या धडकेत डेल्फिसच्या गाडीची मागची काच फुटली. दुसरी धडक वळणावर बसली. गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यावरून उडाली, खालच्या ओढ्याच्या काठी आडवी होऊन पडली. पट्ट्याला लोंबकळत असताना त्याला वर दार उघडल्याचा आवाज आला. खिशात ठेवली तर सापडणार. बुटात तर पहिल्यांदा पाहील. त्याने चिप तोंडात टाकली आणि गालाशी दाबून धरली. चिपला उघड्या हाताने शिवलं तरी आयुष्यभर हाताखालच्या पोरांच्या अंगावर खेकसणारा माणूस, आणि आज तोंडात धरून बसला होता.

रॉइसने त्याला कॉलर धरून खिडकीतून बाहेर ओढलं. काचेने पोटावर लांब ओरखडा उठला.

"कुठे आहे?"

डेल्फिस बोलला नाही. बोलणार कसा?

"आता दातखीळ बसली होय रे? जन्मभर बडबड करून माझा जीव खाल्लास." रॉइसने त्याच्या छातीवर गुडघा दिला आणि खिसे उलटे केले. बूट काढले, मोजे काढले. मग तोंडावर ठोसे मारायला लागला, मोजून नाही, वेड लागल्यासारखा. प्रत्येक ठोशाला अठ्ठावीस पाय टाळूत आणि गालात घुसत होते. तोंडात रक्त भरलं. डेल्फिसने ते गिळलं. थुंकलं असतं तर चिप दिसली असती. अनवाणी पाय बर्फात जळत होते.

"माझं आयुष्य आहे ते, डेल!" रॉइस रडत होता. "एवढं एकच जमलं मला. एवढं एकच! आणि तू ते मोडणार?"

तेवढ्यात वर ओंडक्यांचा ट्रक थांबला. ड्रायव्हर कुऱ्हाड घेऊनच उतरला, कारण वरून पाहणाऱ्याला खून होताना दिसत होता. रॉइस घसरत, धडपडत आपल्या गाडीकडे पळाला.

ड्रायव्हरने दवाखान्याचं नाव काढलं. डेल्फिसने मान हलवली, धुळकट काचेवर बोटाने प्रयोगशाळेचा पत्ता लिहिला आणि दीड तास तोंड मिटून बसला.

विलिस्टनमधली ती प्रयोगशाळा मार्गो पॅकेट नावाची बाई चालवायची. पन्नाशीची, कोरडी, हाताने अतिशय हलकी. चिपा उकलून आतलं पाहणं हाच तिचा धंदा. ती दोन्ही बाजूंच्या वकिलांना सारखीच नकोशी होती, म्हणूनच दोघांनी तिला नेमलेलं होतं. डेल्फिसने तिच्या टेबलावर वाकून तोंड उघडलं. रक्ताबरोबर चिप पडली.

मार्गोने चिमट्याने ती उचलली, धुतली, आकडा वाचला आणि फॉर्म पुढे ओढला. "पुरावा अकरापासून तीनपर्यंत कुणाच्या ताब्यात होता?"

"माझ्या."

"कुठे?"

"तोंडात."

"हे मी असंच लिहू?"

"असंच लिही, बाई."

कॅव्हानोबरोबर आधीच येऊन बसलेल्या रॉइसच्या वकिलाने हरकत घेतली. तोंडात ठेवलेला पुरावा त्याच्या तीस वर्षांच्या वकिलीत पहिलाच होता. कॅव्हानो म्हणाला, हरकत कोर्टात घ्या. आणि मग दार उघडून रॉइस आत आला, कानाला पट्टी, स्वच्छ शर्ट. चिप फोडताना हजर राहायचा त्याला हक्क होता. दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. दोन्ही वकिलांनी दोन्ही तोंडं पाहिली, आणि काहीही न विचारणं आपापल्या पक्षकाराच्या हिताचं आहे हे दोघांनाही एकदमच समजलं.

"फोडली की संपली," मार्गोने सगळ्यांना बजावलं. "पुन्हा जोडता येत नाही. मान्य?"

मान्य होतं. तिने चिप तापलेल्या पत्र्यावर ठेवली आणि काचेच्या नळीने वाफाळणारं अॅसिड थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. काळं प्लास्टिक फसफसत विरघळलं. पिवळी वाफ वरच्या पंख्यात ओढली जात होती. विसेक मिनिटांनी खाली नखाएवढा चकचकीत चौकोन दिसू लागला. तिने तो धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, आणि भिंतीवरचा पडदा उजळला.

डेल्फिसला पडद्यावर काही शोधावं लागलं नाही. त्याला स्वतःच्या घरात फिरल्यासारखं वाटलं. इथे बेरजेचा भाग, इथे कपाट, आणि मधून तिरकी, एकदम सरळ, त्याची वाट. मार्गोने फोटो घेतला. काच फिरवून आणखी जवळ गेली. अक्षरं वर आली. वळणदार, थोडी डावीकडे झुकलेली, त्याच्याच हातची.

"ही वाट," कॅव्हानो हळूहळू वाचायला लागला, "डेल..."

रॉइसने त्याला पुढे वाचू दिलं नाही. तो टेबलावरून झेपावला. त्याला चौकोन हवा होता, पण हाताला लागलं अॅसिडचं भांडं. भांडं उलटलं ते त्याच्याच डाव्या हातावर. तो जनावरासारखा ओरडला, तरी थांबला नाही. त्याच हाताने त्याने डेल्फिसचा गळा धरला आणि त्याचं तोंड तापलेल्या पत्र्याकडे दाबू लागला. डेल्फिसच्या गळ्याची कातडी जळायला लागली, भुवई पत्र्याला चिकटून चरचरली. त्याने मोडक्या हाताचं कोपर मागे हाणलं, एकदा, दोनदा, रॉइसचं नाक फुटेपर्यंत. वकील दोन्ही भिंतींना चिकटले होते. मार्गोने आधी दोघांच्या अंगावर छताच्या नळाचं पाणी सोडलं, मग खुर्ची उचलून रॉइसच्या पाठीत घातली, आणि त्याचा हात धरून मोठ्या नळाखाली नेला.

"पंधरा मिनिटं हलवायचा नाही," ती म्हणाली. रॉइसचा हात मनगटापर्यंत पिवळा पडला होता. "आणि फोटो काढून झालेत. बारा. दुसऱ्या खोलीत जमा झालेत."

रॉइस नळाखाली हात धरून ओक्साबोक्शी रडला. डेल्फिस जमिनीवर बसून हसत होता. दात नव्हता, भुवई नव्हती, गळ्यावर पाच बोटं पिवळी उमटली होती, आणि तो हसत होता. त्याला दुखतच नव्हतं.

संध्याकाळी सहाला दोघंही बर्लिंग्टनच्या एकाच इस्पितळात, तातडीच्या कक्षाबाहेरच्या बाकांवर होते, मध्ये चार खुर्च्या मोकळ्या सोडून. डॉक्टरांनी दोघांना गुंडाळून बाहेर बसवलं होतं आणि एक धिप्पाड रखवालदार लक्ष ठेवून होता. कॅव्हानो तेव्हा आला, खूश होऊन.

"जिंकलो, डेल!"

"खटला कधी?"

"खटला कसला? मिटलं. आम्ही दोघं वकील तिकडे कॉरिडॉरमध्येच बसलो. वीस मिनिटांत झालं. आमच्या कंपनीला परवाना फुकट, कायमचा. आम्ही पेटंटला हात लावायचा नाही. फोटो सीलबंद."

डेल्फिसला आधी कळलंच नाही. "म्हणजे पेटंट राहिलं?"

"राहिलं. बाकीच्यांनी आपलं आपण बघावं."

"आणि माझं नाव?"

"हे बघ," कॅव्हानोने आवाज खाली आणला, "प्रयोगशाळेत चिप फोडायच्या आधी तू गुप्ततेच्या कागदावर सही केलीस. सगळेच करतात. आत जे दिसलं ते बाहेर कुणालाही सांगायचं नाही. बायकोलासुद्धा. तू तर शहाणा माणूस आहेस."

शहाण्या माणसाने डाव्या हाताने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. कॅव्हानो खुर्च्यांवर कोसळला आणि ओठ धरून उठला. त्याने तक्रार केली नाही. रखवालदाराला हाताने थांबवून तो रुमाल शोधत निघून गेला, कारण सहीच्या दिवशी साक्षीदाराने मारल्याची बातमी त्याला परवडणारी नव्हती. रखवालदार मात्र दोन पावलं जवळ येऊन उभा राहिला.

मग नॉरीन आली. कोटावर बर्फ, हातात गाडीच्या किल्ल्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि मधल्या रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी राहिली.

"काय होतं आत?"

रॉइस जमिनीकडे पाहत राहिला. त्याला वकिलाने ताकीद दिली होती. डेल्फिसलाही दिली होती. पण सकाळपासून ज्यासाठी एवढा मार खाल्ला ते एका माणसाला तरी सांगितल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नव्हता.

"माझं नाव होतं, नॉरीन. आडवाटेच्या शेजारी. मी लिहिलेलं. रंग भरत नव्हतो मी. माझी होती ती."

"मला माहीत आहे."

"नाही, ऐक. लोक समजतात..."

"डेल, मला माहीत आहे." ती खाली बसली नाही. "अर्ज मीच टाइप केला. तेव्हा ऑफिसात दुसरं होतं कोण? पहिल्या पानावर दोन नावं होती. रॉइसने सांगितलं, पुन्हा कर, एकच ठेव. मी पुन्हा केलं."

"तू त्या वर्षी रोज एक बाटली संपवत होतास," नॉरीन म्हणाली. तिचा आवाज चढत होता. "घरावर बँकेची नोटीस लागली होती. मला वाटलं, तुझ्या नावावर आलं तर तू ते पिऊन टाकशील. भावाच्या हातात राहिलं तर निदान छप्पर राहील. आणि राहिलं छप्पर! सोळा वर्षं त्याच्याच चेकवर राहिलं. तू कधी विचारलंस, कुठून येतो?"

तो उठला. त्याचा हात वर गेला तो त्यालाही नंतर आठवला नाही. रॉइसला मात्र दिसला. तो भाजलेला हात छातीशी धरून चार खुर्च्या ओलांडून आला आणि बहिणीच्या पुढे उभा राहिला.

"तिला नाही," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून केलं तिने. मला मार."

डेल्फिसने मारलं. पट्टी बांधलेल्या हाताने, मोडक्या बोटांनी, नाकावर, कानावर, गुंडाळलेल्या हातावर. रॉइसने सकाळपासून प्रत्येक ठोशाला ठोसा परत केला होता. या वेळी त्याने हात उचलला नाही. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर, आणि डेल्फिस लाथा मारत राहिला, रखवालदाराने मागून पकडून त्याला फरशीवर पालथा पाडेपर्यंत. पाठीवर गुडघा आला, मनगटं मागे ओढली गेली. गाल गार फरशीवर दाबला गेला. तिथून त्याला नॉरीन दिसत होती. तिने भावाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि कोटाच्या बाहीने त्याचं रक्त पुसत होती.

रखवालदाराने धापा टाकत खिशातून वही काढली. "पोलीस येताहेत. नाव काय याचं?"

डेल्फिस बोलला नाही.

"बाई, तुम्ही ओळखता याला?"

नॉरीनने वर पाहिलं. "डेल्फिस लूसियर," ती म्हणाली, आणि रखवालदार लिहिताना चुकतोय हे पाहून तिने त्याला नाव एकेक अक्षर करून पुन्हा सांगितलं.